जुलूम पडद्यावर येतो तेव्हा: कॅमेरा कुणाच्या हातात, शब्द कुणाच्या तोंडी

मे १९४२ मध्ये नाझी जर्मनीचं एक चित्रीकरण पथक वॉर्साच्या घेट्टोत शिरलं आणि तिथे कोंडलेल्या ज्यू माणसांचं शूटिंग करत राहिलं. रस्त्यावरची प्रेतं, भुकेनं वाळलेली मुलं आणि त्याच वस्तीतल्या तथाकथित सुखवस्तू लोकांच्या मेजवान्या. तो चित्रपट पुरा झालाच नाही. साधारण तासाभराचं मूक फुटेज तेवढं मागे राहिलं. युद्धानंतर ते हाती लागलं आणि पुढची कित्येक दशकं माहितीपटकार त्यातले तुकडे ‘घेट्टोतलं खरंखुरं जगणं’ म्हणून वापरत आले. १९९८ मध्ये त्याच शूटिंगमधलं गाळून टाकलेलं आणखी अर्ध्या तासाचं फुटेज सापडलं. त्यात एकाच दृश्याचे पुन्हा पुन्हा घेतलेले टेक होते. चांगल्या कपड्यांतली माणसं भुकेल्या मुलांकडे ढुंकूनही न बघता पुढे जातात, आणि मग पुढच्या टेकमध्ये पुन्हा तशीच चालत जातात. इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की यांनी २०१० च्या ‘अ फिल्म अनफिनिश्ड’मध्ये हे फुटेज घेट्टोतून वाचलेल्या माणसांना दाखवलं आणि ते बघताना त्यांचे चेहरे टिपले.

त्या फुटेजमधली भूक खरी आहे, प्रेतंही खरी आहेत. लबाडी मांडणीत आहे. ‘श्रीमंत ज्यूंना गरीब ज्यूंची पर्वा नाही’ हे दाखवायचं आधीच ठरलं होतं आणि बंदुकीच्या धाकात असलेल्या माणसांकडून ते वठवून घेतलं गेलं. म्हणून दडपशाहीवरचा कुठलाही चित्रपट बघताना ‘हे खरं आहे का?’ एवढा एकच प्रश्न पुरत नाही. हे चित्र कुणी काढलं, कुणासाठी काढलं आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय होती का, हे तीन प्रश्न त्याच्या आधी विचारावे लागतात.

यातली मूळ अडचण साधी आहे. जुलूम चालू असतो तेव्हा कॅमेरा, रीळ, वीज आणि फिरण्याची परवानगी बहुतेक वेळा जुलूम करणाऱ्याकडेच असते. ज्याच्यावर तो होतो, त्याच्याकडे फार तर आठवण उरते. त्यामुळे अशा विषयावरचा माहितीपट तीन प्रकारच्या सामग्रीतून उभा राहतो: जुनं फुटेज, माणसांची साक्ष आणि घडलेल्या गोष्टीची पुनर्मांडणी. तिन्हींचे धोके वेगवेगळे आहेत.

जुन्या फुटेजचा पहिला धोका वर आलाच. दुसरा धोका असा की त्यात काय नाही, हे आपल्याला दिसत नाही. आलें रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’ हा १९५६ चा माहितीपट जेमतेम ३२ मिनिटांचा आहे. छळछावण्यांच्या ओसाड जागा रंगीत आणि युद्धकाळातली दृश्यं कृष्णधवल, अशी त्याची वीण आहे. निवेदन लिहिलं ते स्वतः माउटहाउझेन छावणीतून वाचलेल्या कवी ज्यां केरोल यांनी. फ्रान्समधल्या पिथिव्हिएच्या छावणीवर पहारा देणाऱ्या शिपायाची फ्रेंच टोपी एका फोटोत दिसत होती. त्या टोपीला फ्रेंच सेन्सॉरनं हरकत घेतली आणि फोटोवर एक तुळई रंगवून ती झाकावी लागली. म्हणजे अत्याचाराचं चित्र दाखवायला परवानगी होती, पण त्यातला आपला स्वतःचा हात दाखवायला नव्हती. फुटेज किंवा फोटो बघताना कडेला काय कापलं गेलं असेल, हा विचार म्हणूनच करायचा असतो. संग्रहातून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची मूळ तारीख, जागा आणि काढणारा कोण हे चित्रपट सांगतो का, ते बघावं. १९४४ च्या दृश्यावर १९४२ च्या घटनेचं निवेदन चालत असेल, तर तो चित्रपट कितीही कळकळीचा असला तरी विरोधकाच्या हाती आयतं कोलीत देतो. एक तारीख चुकली की ‘सगळंच खोटं’ म्हणणारे टपलेलेच असतात.

काही वेळा फुटेजच नसतं. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत प्रचारपटांखेरीज फारसं काही चित्रित झालं नाही. दिग्दर्शक रिथी पान्ह यांचं बहुतेक कुटुंब त्या काळात गेलं. २०१३ च्या ‘द मिसिंग पिक्चर’मध्ये त्यांनी मातीच्या छोट्या बाहुल्या घडवून घेतल्या, त्यांची शेतं, झोपड्या, दवाखाने मांडले आणि मधूनमधून राजवटीचं प्रचारकी फुटेज ठेवलं. बाहुल्या हलत नाहीत. नट आणून उपासमार ‘करून दाखवण्या’पेक्षा हा मार्ग कितीतरी प्रामाणिक आहे, कारण हे मूळ चित्र नाही, त्याच्या जागी ठेवलेलं काहीतरी आहे, हे बघणाऱ्याला क्षणभरही विसरता येत नाही.

साक्षीकडे वळू. याबाबतीत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरच्या, क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’ला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९८५ चा हा चित्रपट साडेनऊ तासांच्या आसपास आहे, तो करायला अकरा वर्षं लागली आणि त्यात जुन्या फुटेजची एकही फ्रेम नाही. आहेत ती फक्त माणसं, कत्तलीच्या त्या जागा चित्रीकरणाच्या वेळी कशा दिसत होत्या ते, आणि रेल्वे. त्यातला एक प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. ट्रेब्लिंका छावणीत गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापायला लावलेले अब्राहम बोम्बा इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये गिऱ्हाइकाचे केस कापता कापता बोलत आहेत. ते सलून चित्रीकरणासाठी मुद्दाम घेतलेलं होतं. बोम्बा तोवर निवृत्त झाले होते. बराच वेळ त्यांचा आवाज सपाट राहतो, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत चालली आहे. मग ओळखीच्या एका न्हाव्याची बायको आणि बहीण आत आल्या, इथवर ते येतात आणि थांबतात. कात्री चालू, शब्द बंद. चेहरा पुसतात. ‘नको’ म्हणतात. लान्झमान म्हणतात, सांगायलाच हवं. कॅमेरा बंद होत नाही.

या प्रसंगावरून आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, हातांना जुनं काम दिल्यामुळेच शरीरात दडलेली आठवण वर आली आणि ती जगासाठी नोंदली गेली. दुसरा म्हणतो, माणूस ‘नको’ म्हणाला तिथे थांबायला हवं होतं. दोन्हींत तथ्य आहे. पण आज असं चित्रीकरण करणाऱ्यानं दुसऱ्या बाजूनंच जावं. बोम्बांसमोर या विषयाला आयुष्याची अकरा वर्षं देणारा माणूस होता. दोन दिवसांसाठी आलेल्या चमूनं तीच रीत उचलली तर ती निव्वळ ओरबाडणी ठरते.

मुलाखतीची शिस्त ठरलेली आहे आणि ती मोडली की काय बिघडतं हेही ठरलेलं आहे. संमती एकदा सही घेऊन संपत नाही, ती तीनदा घ्यावी लागते: चित्रीकरणाआधी, चित्रीकरण झाल्यावर आणि त्या माणसाला त्याचा संकलित भाग दाखवल्यावर. तिन्ही वेळा त्याच्या भाषेत, आणि कुठल्या तारखेपर्यंत ‘माझा भाग काढा’ म्हणता येईल ते स्पष्ट सांगून. हा चित्रपट इंटरनेटवर गेला तर शेजारी, मालक, पोलीस, सासर कुणीही तो बघू शकेल, हे शब्दांत सांगावं लागतं. ‘सगळीकडे दाखवू’ एवढ्यानं कुणाला काही कळत नाही. साक्ष देण्याचे पैसे देऊ नयेत, कारण पुढे कुणीही ती विकत घेतली म्हणू शकतो. बुडालेली रोजंदारी आणि प्रवासखर्च मात्र दिलाच पाहिजे, आणि तो आधी ठरवून, पावती करून.

बसताना लेन्स त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायची. जमिनीवर बसलेल्या बाईला उभ्यानं शूट केलं की ती दीनवाणी दिसते आणि मग कितीही आदरानं निवेदन लिहा, चित्र ते खोडून काढतं. सुरुवात घटनेपासून करू नये; घर, काम, गाव, रोजचा दिवस यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्यावीत. ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न टाळावा. त्याचं उत्तर रडणं किंवा ठोकळेबाज वाक्य, दोनपैकी एकच येतं. त्याऐवजी दार कुठल्या बाजूला होतं, आवाज कुठून आला, हातात काय होतं, असं विचारलं की माणूस स्वतःच्या शब्दांत बोलू लागतो, आणि पुढे कुणी शंका घेतली तर पडताळता येतील असे तपशील हाती येतात. एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नये. थांबायची खूण आधी ठरवावी आणि ती दिसली की खरोखर थांबावं. संपल्यावर दिवे आवरून लगेच निघून जाऊ नये. चमूतलं एक माणूस तरी तिथे तासभर राहायला हवं. सर्वात जास्त हाल याच तासात होतात, कारण जुनं सगळं उकरून निघालेलं असतं आणि ऐकणारे निघून गेलेले असतात.

ध्वनीबद्दल फार कमी बोललं जातं. निघण्याआधी त्याच खोलीतली तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवावी. ती नसेल तर संकलनात बोलणाऱ्याचे अडखळणं आणि थांबणं कापून टाकायचा मोह होतो, कारण कापलेल्या जागी भरायला काही नसतं आणि मग तिथे व्हायोलिन येतं. साक्षीतल्या गप्प बसण्यालाही साक्षीचीच किंमत असते. भाषांतर करताना शक्यतो सबटायटल्स द्यावीत, एका वेळी दोनच ओळी. मूळ आवाजावर दुसऱ्याचा आवाज चढवला की ज्याला आयुष्यभर बोलू दिलं नाही, त्याचाच आवाज आपण पुन्हा दाबतो.

तिसरी सामग्री पुनर्मांडणी, आणि इथे सर्वांत जास्त घोळ होतात. २००७ मधल्या म्यानमारच्या भिक्षूंच्या आंदोलनावरचा ‘बर्मा व्हीजे’ हा २००८ चा माहितीपट घ्या. जीव धोक्यात घालून छोट्या कॅमेऱ्यांवर टिपलेलं आणि देशाबाहेर गुपचूप नेलेलं फुटेज हा त्याचा कणा आहे. पण काही प्रसंग नंतर पुन्हा उभे करून चित्रित केले होते. तसं सुरुवातीला लिहिलेलंही आहे, तरी कुठलं दृश्य मूळ आणि कुठलं नंतरचं हे त्या त्या जागी कळत नाही. टीका झाली ती यावरच. एरवी ज्या फुटेजवर कुणाला शंका घेता आली नसती, त्यावरही त्यामुळे सावली पडली. उपाय कठीण नाही: पुनर्मांडणीचा रंग, चौकट किंवा पोत इतका वेगळा ठेवायचा की सांगावंच लागू नये.

रिथी पान्ह यांचाच ‘एस-२१’ (२००३) दाखवतो की पुनर्मांडणी पुरावा कशी बनते. नोम पेन्हमधल्या ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग (एस-२१) तुरुंगात किमान बारा हजार माणसं डांबली गेली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पान्ह यांनी तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच रिकाम्या इमारतीत आणलं. एक पहारेकरी रात्रपाळी करून दाखवू लागतो: कडी काढतो, आत जातो, नसलेल्या कैद्यांवर ओरडतो, पाण्याचा डबा देतो, बाहेर येऊन कुलूप घालतो. सरावाच्या या हालचाली त्याच्या अंगात इतक्या मुरलेल्या आहेत की कबुलीजबाबापेक्षा त्याच जास्त बोलतात. कॅमेरा त्याच्या मागोमाग खोलीत जात नाही, दारातच थांबतो. आत गेला असता तर जमिनीवर पडलेल्या, आता नसलेल्या माणसांना तुडवत गेला असता.

‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) याच्या पुढे जातो. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून मारलेल्यांचा आकडा पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्याहून जास्तही सांगितला जातो. मेदानमधल्या मारेकऱ्यांना जोशुआ ओपनहायमर यांनी आपापले गुन्हे हव्या त्या सिनेमाच्या ढंगात वठवायला दिले आणि ते अभिमानानं वठवत गेले. मारेकऱ्याला एवढा वेळ देणं धोक्याचं आहे, मोहात पाडणारंही आहे. ते इथे पेललं जातं, कारण दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ आला. त्यात मारल्या गेलेल्या रामलीचा धाकटा भाऊ आदी मारेकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे डोळे तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो आणि ते काम चालू असतानाच प्रश्न विचारतो. दोन्ही एकत्र बघावेत. फक्त पहिला बघून उठलं तर मारेकऱ्याचाच चेहरा डोक्यात राहतो.

कथापटांचं गणित निराळं आहे. तिथे सगळंच मांडलेलं असतं, त्यामुळे प्रश्न खऱ्या-खोट्याचा न राहता केंद्रस्थानी कोण, हा होतो. ‘क्राय फ्रीडम’ (१९८७) दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या कृष्णवर्णीय नेत्याबद्दल, स्टीव्ह बिको यांच्याबद्दल, आहे असं आपण समजतो. बिको पोलीस कोठडीत मरतात आणि अजून जवळजवळ निम्मा चित्रपट शिल्लक असतो. तो गोरे संपादक डोनाल्ड वुड्स देशातून कसे निसटतात याला दिलेला आहे. हेतूबद्दल शंका नाही. तरीही ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्याच्या जागं होण्याचं निमित्त होऊन बसतो. आपल्याकडे गावातल्या अत्याचाराची गोष्ट शहरातून आलेल्या भल्या वकिलाची किंवा अधिकाऱ्याची गोष्ट होऊन जाते, ते हेच.

दुसरा ठरलेला घसरता उतार म्हणजे एकच दुष्ट माणूस. पाटील क्रूर, सावकार हलकट, शेवटी त्याला शिक्षा, प्रेक्षक मोकळा. दडपशाही टिकते ती मात्र सभ्य माणसांच्या रोजच्या कामातून. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) खलनायक नाहीच. एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली आणि त्याला लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यानं चिथावलं, असा खटला आहे. कॅमेरा लांब, स्थिर, घाई न करणारा. कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते आणि सहज सांगून जाते की नवरा आत उतरण्याआधी गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. तिचा आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. सुरक्षेची साधनं द्यायची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न त्या एका तपशिलात उघडा पडतो आणि कोर्ट पुढच्या तारखेकडे वळतं. क्लोज-अप घेतला असता तर आपण त्या बाईसाठी हळहळलो असतो. लांबून बघताना आख्खी खोली दिसते, आणि या बाईचं म्हणणं ज्या यंत्रणेत विरून जातं ती हीच खोली आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) तर बघणं हाच अत्याचार आहे. गावात खालच्या मानलेल्या जातीतल्या जब्याचं कुटुंब डुकरामागे धावत असतं आणि गाव कडेला बसून खिदळत असतं. डुक्कर तावडीत येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. नंतर मारलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रं आहेत. संवाद नाही, बोट दाखवणारा शॉटही नाही. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे तोवर गावाबरोबर बसून बघत आलेल्या आपल्याकडे.

हिंसा किती दाखवायची याला सेकंदांचं माप नाही, पण एक कसोटी आहे: मार बसत असताना चौकटीत आणखी कोण आहे? ‘१२ इयर्स अ स्लेव्ह’मध्ये (२०१३) सॉलोमनला झाडाला लटकवलेलं आहे, पायांचे अंगठे जेमतेम चिखलाला टेकलेले. शॉट मिनिटभराहून जास्त चालतो, आणि मागे बाकीचे गुलाम आपापल्या कामाला लागतात, मुलं खेळतात. वेदना आहेच, पण तिच्याबरोबर ती नेहमीची करून टाकणारी व्यवस्थाही त्याच चौकटीत आहे. उलट बलात्काराच्या दृश्यात कॅमेरा बाईच्या अंगावरून फिरत असेल, तर तो चित्रपट पोस्टरवर काहीही म्हणो, त्याची नजर अत्याचार करणाऱ्याची आहे.

सुरक्षेची बाब जे चित्रीकरण करतात त्यांच्यासाठी, पण बघणाऱ्यांनाही माहीत असलेली बरी. चेहरा पुसट करणं पुरत नाही. चाल, अंगठी, गोंदण, मागची भिंत, खिडकीतला देखावा यांवरून माणूस ओळखू येतो. आवाज सॉफ्टवेअरनं जाड किंवा बारीक केला तर तो पुन्हा मूळ पट्टीत आणता येऊ शकतो, म्हणून धोका मोठा असेल तर तेच शब्द दुसऱ्या माणसाच्या आवाजात घ्यावेत आणि तसं पडद्यावर लिहावं. फोनवरच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पुरावा म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपायची आणि बाहेर देण्याच्या प्रतीतून ती नोंद काढायची. प्रती तीन असाव्यात, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. खरी नावं आणि फुटेज एकाच डिस्कवर कधीच नसावीत. ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’च्या श्रेयनामावलीत कितीतरी इंडोनेशियन तंत्रज्ञांच्या नावाच्या जागी ‘अनामिक’ असं आहे, सहदिग्दर्शकाच्याही. आदीच्या कुटुंबाला दुसरीकडे राहायला जावं लागलं. चित्रपटाला बक्षीस मिळतं तेव्हा चमू विमानात असतो आणि बोलणारा माणूस त्याच गल्लीत, हे नियोजनात पहिल्या दिवसापासून धरावं लागतं.

वेळ हीसुद्धा सामग्रीच आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांनी त्यावरचा ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षं चित्रित केला. म्हणून त्यात खटला रेंगाळताना दिसतो, माणसं पक्ष बदलताना दिसतात, नव्या पिढीची गाणी येतात. आठवड्यात उरकलेल्या माहितीपटात घटना तेवढी येते. ती पचवून टाकण्याची पद्धत दिसायला वर्षं जावी लागतात.

कुठलाही असा चित्रपट पारखायचा असेल तर दुसऱ्यांदा बघताना घड्याळ हाताशी ठेवा. मधली कुठलीही वीस मिनिटं निवडा आणि तीन बेरजा करा: ज्यांच्यावर अत्याचार झाला ते किती वेळ स्वतः बोलतात, त्यांच्याबद्दल दुसरं कुणी किती वेळ बोलतं, आणि ते नुसतेच किती वेळ दिसतात. मग पडद्यावरच्या नावपट्ट्या बघा. तज्ज्ञाला पूर्ण नाव आणि हुद्दा, बाईला नुसतं ‘पीडित’ किंवा ‘गावकरी’ असेल, तर चित्रपटाचा कल कळला. शेवटी पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. संगीत गेल्यावर उरलेलं चित्र काहीच सांगत नसेल, तर पहिल्यांदा आलेलं रडू त्या संगीतानं आणलेलं होतं.

गटात दाखवायचा असेल तर काय दिसणार आहे ते आधी सरळ सांगावं, दार उघडं ठेवावं आणि मधूनच उठून जाणाऱ्याला कारण विचारू नये. ‘शोआ’सारखा लांब चित्रपट एका दिवसात रेटू नये, तो मुळात दोन भागांत आहे, तसाच दोन दिवस बघावा. संपल्याबरोबर माइक फिरवू नका, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. आणि त्या समाजातलं कुणी प्रेक्षकांत बसलं असेल, तर ‘तुम्ही सांगा ना, असंच असतं का?’ असं त्यांच्याकडे वळू नका. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, आणि तेव्हा इतरांची वेळ कापून त्यांना हवी तेवढी द्या.